उंच सुराआधी

६ जानेवारी

ताई,

मायन्यापाशीच अडले, म्हणून तो गाळला. ‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस आणि ‘प्रिय’ लिहिलं असतं तर मी शाळेतला निबंध लिहितेय असं वाटलं असतं. फोनवर तू “मी बरी, मुलं बरी, ठेवते” म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण ठेवल्याचं मला कळत नाही, त्यामुळे चालेल.

हे पत्र समेटासाठी नाही, हे आधीच सांगते. बाबांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. बाबांच्या बँडच्या भर कार्यक्रमात ट्रंपेटवरची धून अर्धवट टाकून तू स्टेजवरून उतरलीस, घरी येऊन “तुमचं पीं पीं तुम्हालाच लखलाभ” म्हणालीस आणि दाजींच्या गावी निघून गेलीस, त्याला आता दीड वर्ष होईल. ‘ऐट दाखवून गेली’ एवढं म्हणून बाबा तुझं नाव काढत नाहीत. तुझ्या जागी उभ्या राहणाऱ्या आतेभावाला मात्र रोज बोलणी बसतात. परवा तो उंच सुरावर गेला तेव्हा बाबा म्हणाले, “कुणीतरी त्या गाढवाला जिन्यावरून खाली उतरवा.” आतेभाऊ बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई कधी येणार गं?” त्याला तुझी आठवण सगळ्यांत जास्त येते. त्याच्याखालोखाल मला.

आता बातमी. मला नोकरी लागली, मोठ्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपीच्या विभागात. बाबांनी विचारलं, “म्हणजे मालिश?” दादा ढोल बाजूला ठेवून गल्लीभर सांगत सुटला की आमची काडी डॉक्टर झाली. मी त्याच्या मागून प्रत्येक घरी जाऊन “डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट” असं सांगून आले. दोन घरी कुणी नव्हतं, तिथे परत जायचंय. कुणाचा गैरसमज राहायला नको.

मला वाटलं होतं, गुडघे मिळतील. गुडघ्यांबद्दल मोठ्याने बोलता येतं. पण आमच्या विभागप्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी मला बायकांच्या खोलीत टाकलं. हसताना, खोकताना, शिंकताना ज्यांची थोडी लघवी निसटते अशा बायका तिथे येतात. दर गुरुवारी त्यांना मी समजावून सांगायचं. पहिल्या गुरुवारी मी “मूत्राशयाच्या आधारस्नायूंची दुर्बलता” अशी सुरुवात केली. मागे एक बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला विचारलं, “ही कुणाबद्दल बोलतेय?” शेजारीण म्हणाली, “गप बस. असेल दुसऱ्या कुणाबद्दल तरी.”

नंतर मोठ्या बाई म्हणाल्या, “घरात बहिणीला सांगितलं असतंस तर कसं सांगितलं असतंस? तसं सांग.”

म्हणून तुझ्यावर सराव करतेय. तुझा या विषयाशी काही संबंध आहे म्हणून नव्हे. तुला जे कळत नाही ते तू कळलं म्हणत नाहीस, एवढ्याचसाठी. तर ऐक.

लघवीची एक पिशवी असते. तिच्या तोंडाशी बारीक नळी. पिशवी, नळी, गर्भाशय, सगळं खालून एका झोळीने तोललेलं असतं. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. आपण खोकलो की पोटात एकदम दाब येतो, तो पिशवीवर पडतो. झोळी घट्ट असेल तर त्याच क्षणी ती नळीला खालून आधार देते आणि नळी मिटलेली राहते. झोळी सैल पडली असेल तर नळीला टेकायला काही नसतं. थेंब निसटतो. कधी थेंबापेक्षा जास्त.

एवढंच. यात मन कमकुवत असण्याचा काही भाग नाही, वय झाल्याचाही नाही. पंचविशीतल्या बायकाही येतात.

कळलं का, ते कळव. न कळवलंस तरी मी पुढचं पत्र लिहीनच.

तुझी,
काडी


२५ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. “झोळी कळली. पुढे?” बस्स, तीन शब्द. मी ते घेऊन घरभर फिरले. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पगाराचं पत्र आहे. मग खोटं बोलल्याचं वाईट वाटून म्हटलं, पगाराचं नाही. ती म्हणाली, “तू आधी जेवून घे.”

तर पुढे. झोळी सैल का पडते? बाळंतपणात ती फार ताणली जाते, हे मुख्य कारण. शिवाय जुना खोकला, रोजचं जड उचलणं, वाढलेलं वजन, बद्धकोष्ठ. पाळी गेल्यावरही काहींना त्रास सुरू होतो. थोडक्यात, पोटातून खाली दाब देणारी कुठलीही सवय. हे वेगळं, आणि लघवीची एकदम घाई होऊन पोहोचेपर्यंत न थांबणं वेगळं. दोन्हींचे उपाय सारखे नसतात, म्हणून आधी नीट विचारावं लागतं. पुष्कळ बायका पाणी पिणं कमी करतात. तेही चुकीचं. लघवी कडक होते आणि जळजळ पिशवीला आणखी चिडवते.

हे आता मला न अडखळता सांगता येतं. गेल्या गुरुवारी एक्स-रेवाला चुकून दार उघडून आत आला, तेव्हाही मी थांबले नाही. तोच थांबला. मग “माफ करा” म्हणून दार इतकं हळू लावलं की विणणाऱ्या बाई म्हणाल्या, “मुलगा घरंदाज दिसतो.”

आता एक गंमत. वर्गात एक शिक्षिका येते. तिला शिंक येणार असली की ती बोलता बोलता थांबते, उजवा पाय डाव्यावर टाकून घट्ट आवळते, शिंकते आणि मग वाक्य पुढे चालू करते. तिला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं. मी विचारल्यावर लाजली. म्हणाली, “शाळेतली मुलं माझी नक्कल करतात, मला वाटायचं चालण्याची करतात.”

त्या संध्याकाळी मी घरी आले तर अंगणात तालीम चालू होती. तुला माहीत नसेल, तू गेल्यापासून दादा नव्या पोरांना ‘ताईची ढब’ शिकवतो. उंच सूर यायच्या आधी उजवा पाय डाव्यावर टाकायचा, मांड्या आवळायच्या, मान ताठ. “याच्याशिवाय तो सूर लागतच नाही,” असं तो छातीठोक सांगतो. तिघं ट्रंपेटवाले ओळीने उभे होते. सूर जवळ आला तसे तिघांनी एकदम पाय आवळले. आतेभाऊ तोल जाऊन क्लॅरिनेटवर पडला.

सगळे हसले. मी नाही हसले.

एवढंच. याबद्दल मला पुढे काही लिहायचं नाही. तू कशी आहेस? पोहण्याच्या तलावावरची नोकरी कशी चालली आहे? तिकीटखिडकीत बसून तुला कंटाळा येत असेल असं मला उगाच वाटतं.

तुझी,
काडी


१६ फेब्रुवारी

ताई,

“काडे, तू मला मूर्ख समजतेस का?” एवढं वाचून मी पत्र मिटणार होते. पण खाली चार पानं होती. जिला राग आलाय ती चार पानं लिहीत नाही, असं स्वतःला समजावून मी पुढे वाचलं.

हो. सराव हे निमित्त होतं. पहिल्या पत्रात ते निम्मं खरं होतं, दुसऱ्यात अजिबात नाही. मला शंका होती, पण ती तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. आणि ती चुकली असती तर तू परत फोन ठेवला असतास. कायमचा.

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. धाकटा झाल्यावर दोन महिन्यांत बाबांनी तुला तालमीला उभं केलं. तेव्हापासून प्रत्येक उंच सुराला थेंब, मग थेंबाहून जास्त. म्हणून तू बाबांशी भांडून बँडचा गणवेश काळा करून घेतलास, आणि आम्हाला वाटलं तुला फॅशन सुचली. प्रत्येक नव्या हॉलमध्ये तू आधी स्वच्छतागृह शोधायचीस, आणि दादा म्हणायचा, हिला आरसा लागतो. त्या दिवशी स्टेजवर थेंब थांबला नाही, ओघळ पोटरीपर्यंत आला. बाबा समोरून हात करत होते, “वर, वर, अजून वर.” तू उतरलीस.

आणि आईला तू विचारलं होतंस. हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “पोरं झाली की व्हायचंच. सगळ्यांना होतं. कापड लाव आणि गप बस.” ताई, तिने दुष्टपणाने सांगितलं नसणार. तिलाही कुणीतरी असंच सांगितलं असेल. सगळ्यांना होत नाही. पुष्कळ जणींना होतं, हे खरं. आणि पुष्कळ जणींना होतं म्हणून बरं होत नाही, असं कुठे आहे?

तलावावर नोकरी का धरलीस, ते वाचून मला हसू आणि रडू एकदमच आलं. “इथे सगळेच ओले असतात, एक बाई जास्त झाली तर कोण बघतंय.”

तुझ्या दोन अटी. बाबांना सांगायचं नाही. कबूल. आणि कुणा डॉक्टरकडे जाणार नाही, व्यायाम पत्रातून सांग. हे मला पटत नाही. आधी लघवी तपासून घ्यायची असते, जंतुसंसर्ग नाही ना ते बघायचं असतं, कुणीतरी हाताने तपासून स्नायू चालतात का ते पाहायचं असतं. मी हे लिहिलं आहे, याची नोंद घे. पण तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं तर तू काहीच करणार नाहीस, म्हणून लिहिते.

आरामात आडवी हो. वायू अडवताना आपण जे आवळतो, आणि लघवी मध्येच थांबवायची झाली तर जे आवळू, ते दोन्ही एकदम आवळायचं. थोडा वेळ धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही. मांड्या, पोट, कुल्हे यांनी लुडबुड करायची नाही. दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा प्रयोग करत बसायचं नाही. फरक पडायला तीन महिने तरी लागतात. चार दिवसांत “काही होत नाही” असं लिहू नकोस.

आणि मी कुणालाही, कुणालाही सांगणार नाही. एक्स-रेवाल्यालाही नाही, तो विचारतो तरीसुद्धा. म्हणजे हे नाही विचारत. मी एवढी पत्रं कुणाला लिहिते ते विचारतो.

तुझी,
काडी


१८ मार्च

ताई,

“तुझा व्यायाम तुझ्याकडेच ठेव. आधी थेंब होता, आता नळ झालाय.”

हे वाक्य मी कामावर घेऊन गेले आणि दिवसभर तेच माझ्यासोबत राहिलं. एका आजोबांच्या दुखऱ्या खांद्याऐवजी चांगल्या खांद्याला शेक दिला. ते म्हणाले, “असू दे, यालाही बरं वाटलं.”

मग मोठ्या बाईंना गाठलं. नाव, नातं, गाव काही सांगितलं नाही. एक बाई आहे, पत्रातून व्यायाम सांगितला आणि त्रास वाढला, एवढंच. त्या चहा पीत होत्या. म्हणाल्या, “पत्रातून गुडघासुद्धा बघता येत नाही. ती बाई करते काय, ते तू पाहिलंस?”

“नाही.”

“मग तुझं चुकलं का तिचं, ते तुला कसं कळणार? कोणीतरी हात लावून बघायला हवं.” मग कप ठेवून म्हणाल्या, “बहिणीला सांग, मी ओळखीची चिठ्ठी देते.”

मी ‘बहीण’ हा शब्द उच्चारला नव्हता, शपथेवर सांगते. त्या म्हणाल्या, परक्या पेशंटसाठी कुणी असं पांढरंफटक पडत नाही.

तुझ्या गावच्या हॉस्पिटलात मोठ्या बाईंची एक विद्यार्थिनी आहे, तुझ्याच वयाची. स्वतंत्र खोली, आतून कडी, पडदा. ती जे काही तपासेल ते आधी सांगेल, आणि तू “थांब” म्हणालीस की थांबेल. व्यायामाने नाहीच भागलं तरी पुढे उपाय आहेत. आतून आधार देणारी एक रबरी कडी बसवतात, आणि झोळीला टेकण देणारं ऑपरेशनही असतं. पण आधी काय बिघडलंय ते कळू दे. मी तुला ट्रंपेटसाठी जा म्हणत नाहीये. बँड गेला खड्ड्यात. मुलांना उचलून घेताना तू विचार करतेस असं लिहिलं होतंस, त्यासाठी जा.

आणि तू चिडलेली असतानाही विचारलंस म्हणून: हो. एक्स-रेवाला प्रत्येक पत्रात उगाच येत नाही. त्याने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. कारण उत्तर दिलं की लग्न ठरणार, लग्न ठरलं की बाबा बँड उभा करणार, आणि तू नसताना तो बँड मला ऐकवणार नाही. हे तुझ्यावर दडपण आहे का? असेल तर हा परिच्छेद वाचू नकोस.

चिठ्ठी सोबत जोडली आहे.

काडी


१२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या उभ्याच वाचलं आणि इतकी मोठ्याने हसले की खालून पहारेकऱ्याने विचारलं, कुणी पडलं का?

उलटं करत होतीस. महिनाभर दिवसातून तीनदा, इमानेइतबारे, उलटं. ‘आवळ’ म्हटल्यावर तू श्वास कोंडून खाली ढकलत होतीस. आणि का, ते त्या तुझ्या बाईंनी विचारल्यावर तू काय सांगितलंस, तर “आमच्यात जोर असाच लावतात.”

खरंच की गं. लहानपणापासून बाबा काय सांगत आलेत? कमरेला पट्टा घट्ट आवळा, पोटाने पट्टा तोडायचा आहे असं समजून खाली जोर द्या, मग फुंका. दादानेही तेच शिकवलं, तूही पोरांना तेच शिकवलंस. आपल्या घरात दुसरा जोर कुणाला ठाऊकच नाही. बाळंतपणानंतर आधीच ताणलेल्या झोळीवर तू रोज दोन तास वरून दाब देत होतीस, आणि मी व्यायाम म्हणून आणखी तीनदा द्यायला सांगितलं. मी ‘आवळ’ लिहिलं, ‘वर ओढ’ लिहिलं नाही. आता वर्गात ‘आत आणि वर’ असंच सांगते, आणि सांगून सोडून देत नाही, प्रत्येकीचं बघते. विणणाऱ्या बाईही उलटंच करत होत्या. इतके दिवस. त्या म्हणाल्या, “तरीच.”

तू त्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंस ते फार आवडलं. “खाली बसलेल्या मांजराला न उठवता उचलायचंय असं समजा.” तुला पहिल्यांदा तो स्नायू सापडला तेव्हा तू म्हणालीस, “अरेच्चा, हा माझाच?” आणि त्या म्हणाल्या, “घरचाच आहे, आजवर ओळख नव्हती.”

आता मुख्य गोष्ट. खोकला येतोय असं वाटलं की आधी वर ओढायचं, मग खोकायचं. शिंक, हसू, मूल उचलणं, सगळ्याला तेच. आधी झोळी, मग जोर. तुला ते पहिल्याच आठवड्यात जमलं, कारण सूर लागण्याआधी तयारी असते हे तुला सांगावं लागत नाही. माझ्या बायकांना महिना लागतो.

धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढलीस आणि वर जाऊन लक्षात आलं की कोरडी आहेस. हे वाक्य लिहून पुढे तू काहीच लिहिलं नाहीस. नुसता कोरा कागद. मीही तो कोरा भाग दोनदा वाचला.

मी होकार दिला. एक्स-रेवाला इतका गोंधळला की त्याने “थोडा वेळ श्वास रोखून धरा” असं म्हटलं. सवयीने. आम्ही दोघांनी रोखला.

तुझी,
काडी


२१ जुलै

ताई,

काल तू आलीस, बोललीस आणि शेवटची बस गाठायला धावलीस. तुझ्यामागे काय झालं ते तुला कळायला हवं. दादा फोनवर सांगेल, पण तो वाढवून सांगतो. हे मी पाहिलं तेवढंच लिहिते.

तू अंगणात सगळ्यांसमोर सांगशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, बाबांना आत घेऊन जाशील. तू दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, “बाबा, ऐट नव्हती. उंच सूर लावला की माझी लघवी गळायची. त्या दिवशी पायावरून आली म्हणून उतरले. आता उपचार चालू आहेत, खूप बरं आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. निघते, बस आहे.” असं म्हणून गेलीससुद्धा.

तिघं ट्रंपेटवाले पाय आवळून उभे होते. त्यांनी हळूच, एकेक करून, पाय सोडले. आतेभाऊ दादाला म्हणाला, “म्हणजे आपण इतके दिवस...” दादा म्हणाला, “गप.” मग तो ढोलाच्या मागे खाली बसला, आणि ढोल नुसता हलत होता. आधी वाटलं रडतोय. हसत होता. मग दोन्ही करत होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती म्हणाली, “मी तिला कापड लाव म्हटलं होतं.” कुणाला उद्देशून नाही. मग मला म्हणाली, “तुझा तो गुरुवार किती वाजता असतो?”

बाबांनी तालीम संपवली नाही, नुसती सोडून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या खोलीत जाऊन बसले. मी चहा नेला. मला वाटलं, आता ते तुझ्यावर रागावतील नाहीतर माझ्यावर.

“मी तिला सगळ्यांसमोर ओरडलो,” म्हणाले.

“हो.”

“‘वर, वर’ करत होतो.”

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या त्या वर्गात पुरुष चालतात का?”

ताई, मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, सोबत आलेले नवरे बाहेर बसतात. ते म्हणाले, “बाहेर नाही. आत.”

गेल्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. खोकलं की, उठलं की. म्हणून ते बँडमधला मोठा भोंगा वाजवेनासे झाले. आम्हाला सांगितलं दात हलतात. दातांना काही झालेलं नाही. वर्षभर तेही काळी पँट घालून सगळ्यांच्या पुढे उभे राहून नुसते हात हलवतायत. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला होता. त्यावर ‘आवळा’ लिहिलं होतं. मग बाबांनी काय केलं असेल ते तुला सांगायला नको.

मी त्यांना पुरुषांच्या वर्गाची वेळ सांगितली. मंगळवारी असतो. माझा सहकारी घेतो, मी नाही. ते माझ्याकडून शिकणार नाहीत आणि मला शिकवता येणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळलं. निघताना म्हणाले, “हे तिला सांग. माझ्याने फोनवर होणार नाही.”

म्हणून हे पत्र. ही गोष्ट सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून दोनदा विचारून घेतली आहे.

लग्न सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, हॉस्पिटलच्या मागच्या बागेत. तू वाजवावंस असा माझा आग्रह नाही.

आहे.

काडी


३ ऑक्टोबर

ताई,

तू परवाच गेलीस आणि मी पत्र लिहितेय म्हणून माझा नवरा (हा शब्द लिहायची अजून सवय व्हायची आहे) विचारतोय की समोर असताना काय केलं दोघींनी? समोर असताना तू वाजवत होतीस. वाजवताना तुझे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे काय काय झालं ते तुला माहीतच नाही.

तू उभी राहिलीस तेव्हा मी ताठ होऊन पहिल्या रांगेत बसले होते आणि नवऱ्याचा हात इतका दाबला होता की त्याने नंतर स्वतःचाच एक्स-रे काढायची भाषा केली. तुझे पाय मी बघत होते. लग्नातली नवरी बहिणीच्या पावलांकडे टक लावून बसलेली, फोटोत तसंच आलं आहे. दोन्ही पाय जमिनीवर, सुटे, थोडे लांब. धून वर चढायला लागली. सूर आला. तू कशाच्याही आधाराशिवाय तिथे गेलीस आणि तिथे राहिलीस. आतेभावाने आपलं ट्रंपेट खाली केलं आणि मोठ्याने “हुश्श” म्हणाला.

बाबांचे हात खालीच होते. ‘वर’ त्यांनी केलं नाही. ते नुसते ऐकत होते.

आणि मग भाषण. तुला शेवट आठवत असेल, पण सुरुवात तू नीट पाहिली नाहीस. बाबा लग्नात चार शब्द बोलायला उठले. त्यांना हात न हलवता बोलता येत नाही. “आज माझी मुलगी,” म्हणून त्यांनी हात वर केला, आणि मागे अख्ख्या बँडने वाजवायला सुरुवात केली. बाबांनी रागाने हात झटकला. बँड थांबला. “मी म्हणत होतो, माझी मुलगी,” हात परत वर, परत बँड. दादा तर डोळे मिटून ढोल बडवत होता, त्याला काही दिसतच नव्हतं. तिसऱ्यांदा बाबांनी दोन्ही हात खिशात घातले, आणि मग त्यांना एक शब्द आठवेना. आई म्हणाली, “अहो, बसा आता. कळलं सगळ्यांना.”

तेव्हा तू हसलीस.

धाकटा झाल्यापासून तू हसू आलं की तोंडावर हात धरून आतल्या खोलीत पळायचीस. आम्हाला वाटायचं तुला आमचे विनोद आवडत नाहीत. लग्नात तू ट्रंपेट खाली केलंस, मान मागे टाकलीस आणि आपल्या घरातल्या बायका हसतात तशी, बेंबीच्या देठापासून हसलीस. उभी राहून. सगळ्यांच्या मधोमध. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं, तरी तू जागची हलली नाहीस.

मी रडायला लागले. नवऱ्याने घाबरून विचारलं, “काय झालं? काही चुकलं का?”

मी म्हटलं, “काही नाही. ताई हसतेय.”

काडी

ता.क. त्या तुझ्या बाई म्हणतात तू एक आठवडा व्यायाम बुडवलास, लग्नाच्या गडबडीत. बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्या बायका मी दर गुरुवारी बघते. सोडू नकोस.